हन्नामावशींचा योसेफ

कार्तिक लागला की रिसोडच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनची पिवळट धूळ उडू लागते. नाकात शिरली की शिंका येतात; मला तरी नेमक्या दोनच येतात. मी तिथे मापारी आहे. शेतकऱ्यानं आणलेला माल काट्यावर चढवायचा, आकडा स्थिर झाला की मोठ्यानं सांगायचा, हे माझं काम. एकतीस वर्षं करतो आहे. अंदाजानं बोलणं मला जमत नाही. सुशीला, म्हणजे माझी बायको, भाजीत मीठ किती टाकू हे मला कधी विचारत नाही. मी आधी चमचा कोणता ते विचारतो.

यंदाही धूळ उडाली, शिंका आल्या, आणि मला खोबरेल तेलाचा वास आठवला. सोयाबीनचा आणि खोबरेलाचा काही संबंध नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी काट्यापाशी नव्हतो. इथून सतरा तासांवर, कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी, ज्यू समाजाच्या एका बसक्या कौलारू सभागृहात खुर्च्या मांडत होतो. सहा रविवार मांडल्या. त्या सहा रविवारांत चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका बाईंना एकच काळजी होती. आईकडून आलेलं एक कीर्तन त्यांना पुन्हा एकदा उभं करायचं होतं, आणि ते आपल्यानंतर कुणाच्या तोंडी राहील की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्या बाई म्हणजे हन्नामावशी.

आम्ही तिथे गेलो ते मेघासाठी. मेघा आमची एकुलती एक मुलगी, बँकेत आहे. बदली होऊन ती तिकडे गेली, दिवस राहिले, आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास बंद केला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. मुलगी माहेरी येऊ शकत नाही म्हटल्यावर आम्ही माहेरच उचलून तिच्याकडे न्यायचं ठरवलं. ज्वारीचं पीठ, तूर डाळ, मिरचीचा ठेचा, सुंठ, डिंक आणि मी. सामानाचे नऊ नग झाले. सुशीला एसटीत दर दोन तासांनी म्हणायची, "मोजा बरं." मी मोजायचो. नऊच भरायचे.

तिथे गेल्यावर मात्र मोजायला काही उरलं नाही. मेघा कामावर, जावई नाशिकला, सुशीला स्वयंपाकघरात. मी ओसरीवर बसून भरती-ओहोटीच्या वेळा लिहून ठेवू लागलो. आमच्याकडे पाणी एकदा गेलं की गेलं. तिथे ते दिवसातून दोनदा जायचं आणि दोनदा परत यायचं, तेही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. मला त्या पाण्याबद्दल आदर वाटू लागला.

शेजारच्या सभागृहाच्या दारावर मराठीत पाटी होती: ज्यू समाज केंद्र. ज्यू म्हणजे शाळेच्या इतिहासातले, दूरदेशचे लोक, एवढंच मला ठाऊक. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्या पायरीवर पाचवारी पातळ नेसलेल्या एक बाई विळीवर नारळ खवत बसलेल्या. याच हन्नामावशी.

"कुठचे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"वाशीम जिल्ह्यातले. रिसोड."

"तिकडे समुद्र आहे?"

"नाई. पन सोयाबीन हाये."

त्या इतक्या हसल्या की विळी बाजूला ठेवावी लागली. मग म्हणाल्या, "सोयाबीनचं तेल काढता ना? मग जवळचेच आहात. आम्ही शनवार तेली."

हे मला नवीन होतं. त्यांनी सांगितलं की त्यांचे पूर्वज फार फार पूर्वी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, आणि गावोगाव तेलाचे घाणे चालवून जगले. शनिवार हा त्यांच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून शनिवारी घाणा बंद. गावानं नाव ठेवलं शनवार तेली. "बाकी सगळं तुमच्यासारखंच," त्या म्हणाल्या. "फक्त शनिवार आमचा."

गावात त्यांची घरं आता पाच. त्यातल्या दोन घरांत एकेकच माणूस. केंद्राचे चिटणीस मोझेसकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारपासून हनुक्कापर्यंत दर रविवारी दुपारी एक कार्यक्रम, असा हंगाम त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच आखला होता. मुंबई-ठाण्याकडे गेलेली माणसं त्या निमित्तानं गावी येतील, हा हिशेब. हनुक्का हा त्यांचा दिव्यांचा सण. पहिल्या दिवशी एक दिवा, दुसऱ्या दिवशी दोन, असे आठव्या दिवशी आठ. मी तिथल्या तिथे सांगितलं की सगळे मिळून छत्तीस होतात. मोझेसकाका म्हणाले, "रोज बाकीचे लावायला एक वेगळा दिवा असतो, तो धरलात?" मी धरला नव्हता. चव्वेचाळीस. आमची तिथेच दोस्ती झाली.

पहिल्या रविवारी जुन्या फोटोंचं प्रदर्शन. मी बावन्न खुर्च्या मांडल्या, त्यातल्या तीन लंगड्या निघाल्या त्या भिंतीशी ठेवल्या. फोटोंत फेटे बांधलेले, कोट घातलेले पुरुष; नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ घातलेल्या बायका. खालची नावं वाचली नसती तर मी केनवडच्या लग्नाचे फोटो समजलो असतो. केनवड हे सुशीलेचं माहेर. लोक येऊन बसू लागले तसा मी दारात उभा राहिलो आणि सवयीनं बोट दाखवून मोजू लागलो. सतरापर्यंत आलो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझं बोटच धरलं. मोझेसकाका.

"माणसं मोजायची नसतात, भाऊ."

"काहून?"

"पोती आहेत का ती?"

मग त्यांनीच समजावलं की त्यांच्यात माणसाकडे बोट करून एक-दोन-तीन म्हणत नाहीत. पूर्वापार चालत आलेला संकेत आहे. मी विचारलं, "मंग तुमी गाडीत काय करत होते? कंडक्टर होते ना?"

"तिकिटं मोजायचो. डोकी आपोआप जमायची."

प्रार्थनेला मात्र दहा पुरुष लागतात, ते झाले की नाही हे कसं कळायचं? तर दहा शब्दांचं एक वचन आहे. प्रत्येक माणसाकडे पाहून एकेक शब्द म्हणायचा. वचन पुरं झालं की दहा झाले. "बरेच शनिवार वचन आठव्या शब्दावर थांबतं," ते म्हणाले, आणि लंगड्या खुर्चीखाली कागदाची घडी सरकवू लागले.

तेव्हापासून मी कार्यक्रम सुरू झाला की रिकाम्या खुर्च्या मोजायचो. त्याला कुणाची मनाई नव्हती.

आता मागे वळून पाहताना ते रविवार एकात एक मिसळतात. तारखा मी लिहून ठेवल्या आहेत, पण वासांना तारखा नसतात. एका रविवारी अंगणात जुना लाकडी घाणा उभा केला होता. त्याला जुंपायला बैल नव्हता, म्हणून आम्ही चार माणसं आळीपाळीनं दांडा ओढत होतो. खोबऱ्याचं तेल थेंबथेंब गळायला लागलं तेव्हा सगळं अंगण गोडसर वासानं भरलं. एक मुंबईची पोरगी म्हणाली, "हे तर केसांना लावायचं तेल!" त्यावर हन्नामावशी म्हणाल्या, "तुझ्या पणजीचं पोट यावर भरलं, आणि तू डोक्याला लावतेस."

दुसऱ्या एका रविवारी मलिदा. मलिदा आमच्याकडेही करतात, पोळी कुस्करून गूळ घालून. त्यांचा भिजवलेल्या पोह्यांचा: साखर, ओलं खोबरं, वेलची, वरून फळं. एलियाहू नावाच्या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं करतात आणि वाटतात. सुशीलेनं पोहे भिजवायला हात लावला. अर्ध्या तासात बायका तिला तिखट पोह्यांची कृती विचारत होत्या आणि ती सांगत होती, "शेव टाका, कांदा टाका, वरून तर्री वाढा!" तिथल्या एका आजीनं घाबरून विचारलं, "प्रसादावर?"

चौथ्या आणि पाचव्या रविवारच्या मधल्या मंगळवारी आमची नात जन्मली. दोन किलो आठशे सत्तर ग्रॅम. नर्सनं "पावणेतीनच्या वर" असं मोघम सांगितलं, म्हणून मी काटा स्वतः पाहिला. तिसऱ्या दिवशी बाळ घरी आल्यावर हन्नामावशी गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा घेऊन आल्या आणि बाळ मांडीवर घेऊन गुणगुणायला लागल्या. चाल ओवीसारखी, पण ओवी नव्हती.

मापाऱ्या, माप भर, शिगोशीग भर,
भुकेला भाऊ उभा दारावर.

मी दचकलो. त्यांनी मान वर करून विचारलं, "काय झालं?"

"मापारी मीच हावो," मी म्हणालो.

असा मला योसेफ भेटला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. याकोबाला बारा मुलगे. त्यातला योसेफ बापाचा फार लाडका. भावांना ते सहन झालं नाही. त्यांनी त्याला परमुलखाच्या व्यापाऱ्यांना विकलं आणि बापाला सांगितलं की जनावरानं खाल्ला. योसेफ मिसर देशात गेला, तुरुंगात पडला, आणि शेवटी तिथल्या राजाच्या धान्यकोठाराचा मुख्य झाला. सात वर्षं सुकाळ होता तेव्हा त्यानं धान्य साठवलं. मग सात वर्षांचा दुष्काळ पडला, आणि तेच भाऊ रिकामी पोती घेऊन त्याच्याच दारात धान्य मागायला आले. त्यानं त्यांना ओळखलं. त्यांनी त्याला ओळखलं नाही.

हन्नामावशींची आई हे आख्यान मराठी कीर्तनात लावायची, त्याच सभागृहात, पेटी-तबला-झांजेसह. मग मावशी लावू लागल्या. त्यांच्या मागे धृपद धरणाऱ्या चौघी असत. दोघी इस्रायलला मुलांकडे गेल्या, एकीचे गुडघे गेले म्हणून ती ठाण्याहून हलत नाही, आणि चौथी वारली. तेव्हापासून कीर्तन बंद. एकूण अकरा वर्षं. मोझेसकाकांनी शेवटचा रविवार त्यांच्यासाठी राखला होता, पण धृपद धरायला कुणी मिळालं तरच. नाहीतर पाचव्या रविवारी येणारे सतारवाले सहाव्यालाही वाजवायला तयार होते.

"एकटीनं म्हणा ना," मी सुचवलं.

"एकटीनं म्हटलं तर ते पाठांतर," मावशी म्हणाल्या. "मी पुढे गेले आणि मागून कुणी ओळ उचलली, तर कीर्तन. शिवाय आता मला दम लागतो. ओळीच्या शेवटी कुणीतरी मला सोडवायला पाहिजे."

सुशीला बाळाचे लंगोट वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "मावशी, आमच्या केनवडच्या मंडळात मी वीस वर्षं धृपद धरते. या गोष्टीले कायले मुंबईहून माणसं बलावता?"

"तेवीस वर्षं," मी म्हणालो.

"तुमी झांज धरा. गप बसा."

मोझेसकाका पेटी वाजवायचे. म्हणजे पेटी, झांज आणि सुशीला. आम्हा तिघांना चौघींचा आवाज काढायचा होता आणि हातात दहा दिवस होते. तालीम मेघाच्या ओसरीवर, बाळाला झोपवता झोपवता. मावशी रोज दुपारी साडेतीनला येत. सुशीला म्हणायची, "भाऊ योसेफाले वळखेना." मावशी थांबवायच्या.

"योसेफाला."

"तेच तं म्हनलं. योसेफाले."

"अगं, आईच्या वहीत 'ला' आहे."

"तुमच्या आईच्या वहीतला योसेफ कोकनात राहत होता. आमचा बाजारात बसते." मग ती हसून 'ला' म्हणायची, आणि पुढच्या ओळीला पुन्हा 'ले'.

माझा वाद वेगळाच होता. आख्यानात एक ओळ येते की योसेफानं इतकं धान्य साठवलं की शेवटी त्यानं मोजणं सोडून दिलं. मी झांज खाली ठेवली.

"हे होऊच शकत नाई."

"काय?"

"कोठाराचा मुख्य माणूस मोजनं सोडते? सात वर्षं पुरवायचं हाये. मोजल्याशिवाय वाटन कसं?"

"तोरामध्ये तसंच लिहिलंय, भाऊ. देवाच्या ग्रंथात."

"लिहिनाराले कोठाराचा अनुभव नसन."

मोझेसकाकांनी पेटीचा भाता सोडला आणि तोंडावर हात धरला. मावशी उठून गेल्या. मला रात्रभर रुखरुख लागली की आपण दुसऱ्याच्या ग्रंथाला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. सुशीला माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी बरोबर साडेतीनला मावशी आल्या आणि चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "मोजणं सोडलं ते साठवताना. वाटताना मोजलंच असणार. दोन दिवस मी हाच विचार करत होते. आजवर कुणी मला हे विचारलंच नव्हतं."

"मंग पटलं," मी म्हणालो. आणि खरंच पटलं. सुकाळात आम्हीसुद्धा ओंजळ सांडली तर वेचत नाही.

शेवटच्या रविवारी दुपारी साडेचारला कीर्तन सुरू झालं. खिडकीत तेलाचे दिवे मांडून ठेवले होते, ते सूर्य बुडाल्यावर लावायचे होते. मावशींनी पांढरं, जांभळ्या काठांचं पातळ नेसलं होतं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचा आवाज दोनदा फाटला. दोन्ही वेळा सुशीलेनं ओळ अशी अलगद उचलली की समोरच्यांना तो ठरवलेला भाग वाटला. विहिरीत टाकलेला योसेफ, व्यापाऱ्यांचे उंट, तुरुंग, राजाचं स्वप्न. मग भाऊ आले. मावशींनी पदर खोचला आणि दोन हातांनी पोतं भरण्याचा अभिनय करत मोठ्यानं म्हटलं, "पहिलं माप घातलं. एक!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लाभ!"

सुशीलेनं कोपरानं ढोसलं. आता हे इथे सांगायला हवं: आमच्याकडे खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. माझे वडील पायलीनं ज्वारी मोजायचे तेव्हापासून ते माझ्या जिभेवर बसलं आहे. काटा इलेक्ट्रॉनिक झाला तरी पहिल्या पोत्याला मी मनात लाभच म्हणतो. पण कीर्तनात मागच्या माणसानं मध्ये बोलायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं.

मावशी मागे वळल्या. क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग लोकांकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत? कोठारातला मापारी बोलला! दुष्काळात दारी भाऊ आला, त्याच्या पदरात पडलेल्या पहिल्या मापाला एक कसं म्हणायचं? ते लाभ!" आणि तिथेच, वहीत नसलेली ओळ त्यांनी चालीत बसवली: लाभ माझ्या भावा, लाभ माझ्या घरा. लोकांनी ती उचलली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीच्या हातावर ताल धरून बसला. त्या दिवशी रिकाम्या खुर्च्या किती राहिल्या ते मी पाहिलं: तीन. त्याही लंगड्या.

संपल्यावर दिवे लागले. पायरीवर बसून मावशी खूप वेळ पाणी पीत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "एकदा करायचं होतं, केलं. आता वही कपाटात."

सुशीला म्हणाली, "कपाटात कायले? मले सारं पाठ झालं."

"धृपद पाठ झालं असेल."

"धृपद नाई वो, सारं. रोज तीन-तीन वेळा बाळाले म्हनून निजवलं. तुमची बोलाची फेक नाई जमत, बाकी गोष्ट पुरी पाठ."

मावशींनी परीक्षाच घेतली. राजाचं स्वप्न म्हण म्हणाल्या. सुशीलेनं म्हटलं. बन्यामीनाच्या, म्हणजे सगळ्यांत धाकट्या भावाच्या पोत्यात लपवलेला चांदीचा प्याला म्हण. तेही म्हटलं. मावशी ऐकता ऐकता बोटांवर पातळाचा काठ गुंडाळत राहिल्या.

"वही नाही देणार," शेवटी त्या म्हणाल्या. "आईची आहे. पण ऐकून घेणार असशील तर देते. दोन गोष्टी पाळायच्या. नावं बदलायची नाहीत. योसेफ तो योसेफच. आणि शनिवारी करायचं नाही."

"शनिवारी मले तसाही उपास असते," सुशीला म्हणाली.

संक्रांत करून आम्ही परत आलो. येताना नग सातच होते. त्यानंतर पावणेदोन वर्षं, दर मंगळवारी दुपारी, आमच्या घरात फोन स्पीकरवर आणि मी घराबाहेर. "थांब, तिथे श्वास घे," पलीकडून खोकत खोकत आवाज यायचा. इकडून हिचं, "मावशी, डॉक्टरकडे गेल्या का नाई?" "ते तू विचारू नकोस, ओळ म्हण." हिवाळ्यात ओळी कमी होत, खोकला जास्त. एका मंगळवारी फोन लागलाच नाही. सुशीलेनं त्या दिवशी स्वयंपाक खारट केला, आणि मी चमचा विचारला नाही. बुधवारी कळलं की तिकडे वादळानं तारा पडल्या होत्या.

केनवडच्या मंडळाला योसेफ सहजासहजी पचला नाही. "हा कोनच्या गावचा?" असं एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "नाव तेवढं यशवंत करू ना, तोंडात बसते." सुशीला म्हणाली, "तुह्या पोराचं नाव मी बदलू का? मंग?" तो विषय तिथेच मिटला. यंदा सोयाबीन घरात आलं, बायकांना चार दिवस मोकळे मिळाले, आणि रविवार ठरला. सुशीलेनं मावशींना बोलावलं. मला वाटलं होतं त्या येणार नाहीत. शहात्तर वर्षं, सतरा तास. पण मोझेसकाकांनी आयुष्यभराचा अनुभव पणाला लावून गाड्या जुळवल्या आणि सोळा तास चाळीस मिनिटांत त्यांना रिसोडच्या स्टँडवर उतरवलं.

गेल्या रविवारची गोष्ट. केनवडचं समाजमंदिर, दुपारचे दोन. बायका सतरंजीवर, पुरुष दारात आणि खिडक्यांत. मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "भाऊ, इथे कुणाला याकोब ठाऊक नाही, मिसर ठाऊक नाही. कोण ऐकणार हो? आमच्या लोकांना लहानपणापासून माहीत असतं, म्हणून बसतात." त्यांनी प्रवासात हाच विचार केला असावा. सुशीलेनं त्यांना पुढे खुर्ची दिली होती. त्यांनी ती नाकारली आणि मागे, मोझेसकाकांच्या पेटीशेजारी, धृपद धरायला बसल्या. मी झांज घेऊन पलीकडे.

सुशीला उभी राहिली. आवाज मोकळा, शब्द मावशींचे, 'ला' सगळीकडे 'ले'. या वेळी मावशींनी दुरुस्त केलं नाही. त्यांचा आवाज आता बारीक झाला आहे, पण ओळीच्या शेवटी तो नेमका येऊन टेकायचा. सुकाळाची सात वर्षं आली तेव्हा दारातले पुरुष आत सरकले. दुष्काळ आला तेव्हा कुणी हललं नाही. मग भाऊ आले, योसेफानं तोंड फिरवलं, आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुतलं, बाहेर आला, आणि तरीही ओळख दिली नाही. सुशीला आवाज खाली नेत होती. तेवढ्यात पुढे बसलेल्या, तोंडाचं बोळकं झालेल्या गंगाआजी गुडघ्यावर हात मारून ओरडल्या, "अरे सांगून टाक ना लेका! तुहे भाऊच हायेत ना ते! काहून छळून राह्यला?"

सगळं समाजमंदिर हसलं. सुशीलाही हसली आणि पाणी प्यायला थांबली. धृपदाची जागा होती, पण मागून ओळ आली नाही. मी वळून पाहिलं. मावशी गंगाआजींकडे बघत होत्या, तोंड अर्धवट उघडं, ओळ तिथेच राहिलेली.

गंगाआजींनी तेवढ्या वेळात सतरंजीवरून सरकत सरकत मावशींना गाठलं. पाहुणीला सगळं ठाऊक आहे हे त्यांनी हेरलं असावं. मावशींचा हात धरून हळूच विचारलं, "माय, तेवढं सांगून दे. त्याचा बाप जिता हाये का अजून? भेटते का त्याले?"

मावशी माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले आणि चेहरा लहान मुलीसारखा. म्हणाल्या, "भाऊ, साठ वर्षं सांगतेय मी ही गोष्ट. पुढे काय झालं हे मला आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

मग त्यांनी गंगाआजींना आपल्या शेजारी जागा करून दिली, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आता नाही सांगणार. अजून अर्धा तास आहे. बसा."